बुटीबोरीच्या फाट्यावरची वाईन

बुटीबोरीच्या चौकात नागपूरहून आलेला रस्ता फुटतो. एक फाटा सेलूवरून वर्ध्याला जातो, दुसरा जाम-हिंगणघाटवरून हैदराबादच्या दिशेला. कुठलाही धरा, थोड्याच वेळात वर्धा जिल्ह्याची हद्द लागते आणि तिथे सत्तरच्या दशकापासून दारूबंदी आहे. सेवाग्राम आणि पवनार ज्या जिल्ह्यात आहेत तिथे ती असावी यात नवल नाही. हद्दीपलीकडे बाटली घेऊन जाणं म्हणजे पोलीस केस. त्यामुळे या दोन्ही रस्त्यांवर कायदेशीर बाटली मिळण्याचं शेवटचं मोठं ठिकाण बुटीबोरी. एमआयडीसीची पाळी सुटली की दुकानांसमोर दुचाक्यांची रांग लागते. पाटीवर ‘वाईन शॉप’ असलं तरी धंदा चालतो व्हिस्की, रम आणि बिअरवर. वाईनच्या वाट्याला येतो एखादा कप्पा, बहुतेक वेळा वरचा, ट्यूबलाईटला चिकटून.

त्या कप्प्यातली कोणती बाटली घ्यावी, हे सांगायला बसलं की लक्षात येतं, नाशिकमध्ये चालणारा सल्ला इथे अर्धाच चालतो. नाशिकमध्ये द्राक्षाबद्दल बोलायचं असतं. इथे आधी उन्हाबद्दल बोलावं लागतं.

विदर्भाची ‘आपली’ वाईन तशी लांबचीच. द्राक्षशेती विदर्भात मोठ्या प्रमाणावर रुजली नाही. आपल्या शेतकऱ्याचं फळ संत्रं. राज्यातली वाईन येते ती मुख्यतः नाशिक जिल्ह्यातून, थोडी पुणे, सांगली आणि सोलापूरकडून. सुरुवातीचं मोठं नाव नारायणगावच्या शामराव चौगुल्यांचं. ऐंशीच्या दशकात त्यांच्या शातो इंडाजने बुडबुड्यांची वाईन बनवली आणि ती ‘ओमर खय्याम’ या नावाने परदेशात विकली. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस राजीव सामंत यांनी नाशिकजवळ ‘सुला’ वायनरीसाठी द्राक्षांची लागवड केली, २००० साली पहिल्या बाटल्या बाजारात आल्या. २००१ मध्ये राज्याने द्राक्ष प्रक्रिया उद्योगाचं धोरण आणलं आणि विंचूर व पलूस इथे वाईन पार्क उभे राहिले. त्यानंतर वायनरीची पाटी लावणाऱ्यांची रीघच लागली. त्यातल्या सगळ्याच टिकल्या नाहीत.

नाशिकचं द्राक्ष युरोपातल्या द्राक्षापेक्षा वेगळ्या घड्याळावर वाढतं. तिथल्या वेली हिवाळ्यात झोपतात. आपल्याकडे वेल झोपतच नाही, म्हणून तिला वर्षातून दोनदा छाटावं लागतं. एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी, पावसाळा सरता सरता गोडी छाटणी. दुसऱ्या छाटणीनंतरच्या फुटव्यावर घड धरतात आणि जानेवारी ते मार्च या काळात तोडणी होते. फ्रान्समध्ये फळ पिकतं ते उन्हाळ्याच्या शेवटी, इथे थंडीत. समुद्रसपाटीपासून सुमारे सहाशे मीटरवरच्या नाशिकात त्या दिवसांत रात्री गार असतात. गार रात्रींमुळे फळातलं आम्ल टिकतं, आणि आम्ल टिकलं तरच वाईन तोंडाला तरतरीत लागते. तेव्हा लेबलवर २०२४ लिहिलेलं असेल तर ते द्राक्ष त्या वर्षाच्या पहिल्या तीन महिन्यांत तोडलं, असं धरून चालायला हरकत नाही. हा हिशेब पुढे कामाला येतो.

इथून पुढे बाटलीचा प्रवास सुरू होतो. समृद्धी महामार्गाने नागपूर ते इगतपुरी सव्वासहाशे किलोमीटर. आता ट्रक रात्रीत येतो, पण ट्रकचा डबा गार असेलच असं नाही. पुढे गोदाम, मग दुकान, मग तो वरचा कप्पा. मे महिन्यात नागपूरचा पारा ४५ च्या पुढे जातो. पत्र्याखालच्या गोदामात किती होत असेल, याची कल्पनाच केलेली बरी.

वाईन जिवंत असते वगैरे बोलणं मी टाळतो. ती रसायनांचं पाणी आहे आणि रसायनांचा नियम साधा आहे: तापमान दहा अंशांनी वाढलं की बऱ्याच क्रियांचा वेग साधारण दुप्पट होतो. पंधरा अंशांत जी वाईन दोन वर्षांत म्हातारी व्हायची, ती ३५ अंशांत काही महिन्यांत होते, आणि तेही नीट नाही. फळाचा ताजा वास देणारे एस्टर तुटतात. पांढरी वाईन पिवळट तपकिरी होते. गरम झालेला द्रव फुगतो, बूच असेल तर त्याला वर ढकलतो, थंड झाला की आत हवा ओढतो. त्या हवेतला ऑक्सिजन उरलंसुरलं काम करतो. आपल्याकडच्या बहुतेक बाटल्यांना आता फिरकीचं झाकण असतं, ही विदर्भासाठी चांगली गोष्ट. बुचाचा डौल त्यात नाही, पण झाकण उन्हाने वर सरकत नाही.

दुकानात उभं राहून काय पाहायचं, ते सांगतो. बाटली मानेला धरून उजेडासमोर न्या. द्रवाची पातळी शेजारच्या बाटल्यांपेक्षा खाली आहे का? बूच असेल तर त्यावरच्या टोपणाला बोट लावा, फुगवटा लागतो का, खाली चिकट ओघळ आहे का? पांढरी वाईन पारदर्शक बाटलीत असेल तर रंग पाहा. कोवळ्या शेनँ ब्लाँचा रंग फिकट गवती असतो, तो जुन्या मधासारखा दिसला तर बाटली परत ठेवा. लेबलचा रंग एका बाजूने उडालेला असेल तर ती बाजू महिनोन्‌महिने उजेडाकडे होती. ट्यूबलाईटनेही पारदर्शक बाटलीतली वाईन बिघडते, तिला उकडलेल्या कोबीसारखा वास येतो. मग वर्ष. पांढरी आणि रोझे शक्य तितक्या ताज्या वर्षाची. तोडणी मार्चपर्यंत आटोपते, त्यामुळे नव्या वर्षाच्या पांढऱ्या बाटल्या पावसाळ्याच्या आसपास दिसू लागतात. सगळ्यात चांगली खरेदी दिवाळीनंतर, जेव्हा नवा माल आलेला असतो आणि ऊनही उतरलेलं असतं.

आणि दुकानदाराशी बोला. “भाऊ, हा माल कधीचा?” एवढं विचारलं तरी बुटीबोरीत माणूस सरळ उत्तर देतो. एकाने मला उलट विचारलं होतं, “काहून जी, वाईन तर जितकी जुनी तितकी चांगली म्हणते ना?” हा समज सिनेमातून आलेला आहे. जगातली बहुतेक वाईन एकदोन वर्षांत पिण्यासाठीच बनते, आणि आपल्या हवेत तर ती मुदत आणखी आखूड होते. पण त्या दुकानदाराने खालच्या फ्रीजमधून, बिअरच्या मागून, एक बाटली काढून दिली. तीच घ्यायची. फ्रीजमध्ये राहिलेली साधी बाटली वरच्या कप्प्यावरच्या महागड्या ‘रिझर्व्ह’पेक्षा बहुतेक वेळा सरस निघते.

बाटली घरी आली. आता चव घेणं. याबद्दल जो बागुलबुवा केला जातो त्यातला निम्मा सोडून द्या. ग्लास एक तृतीयांश भरायचा, कारण वरच्या रिकाम्या जागेत वास साचतो. हलवायचा, नाक घालायचं, घोट घेऊन तोंडभर फिरवायचा. आपण ज्याला चव म्हणतो त्यातला मोठा भाग वासच असतो, घशामागून नाकात चढणारा. सर्दी झालेल्या माणसाला वाईन आंबट-तुरट पाण्यासारखी लागते.

वासांची नावं मात्र आपल्या घरातली वापरावीत. इंग्रजी लेबलांवर गूझबेरी आणि ब्लॅककरंट लिहिलेलं असतं, ती फळं बुटीबोरीच्या बाजारात कोणी पाहिलेली नाहीत. सॉव्हिन्याँ ब्लाँमध्ये पिकल्या पेरूचा आणि हिरव्या शिमला मिरचीचा वास येतो आणि ही कविकल्पना नाही. शिमला मिरचीला तिचा वास देणारं पायराझिन या द्राक्षातही असतं. पेरूचा वास आंबवताना सुटणाऱ्या गंधकयुक्त थायोलांमुळे येतो. शिराझमध्ये काळ्या मिऱ्याचा वास येतो, कारण मिऱ्यातलं रोटन्डोन शिराझच्या सालीतही असतं. गंमत अशी की साधारण पाच जणांत एकाला रोटन्डोनचा वासच येत नाही. म्हणून चौघे जण बसले असताना तिघे ‘मिरी, मिरी’ म्हणत असतील आणि चौथा गोंधळलेला असेल, तर त्याला अडाणी ठरवू नका. कॅबर्ने सॉव्हिन्याँमध्ये करवंद आणि जांभळाचा तुरटपणा, शेनँमध्ये पेअर आणि मध. अशी नावं आपसात ठरली की दुसऱ्याला वाईन सुचवणं सोपं जातं. रॉबर्ट पार्कर या अमेरिकन समीक्षकाने शंभरपैकी गुण द्यायची पद्धत रूढ केली. ते गुण बाटलीवरच्या चिकटपट्टीपुरते ठीक आहेत, पण ९० गुणांची वाईन सावजीच्या ताटाशेजारी काय करेल, हे त्यातून कळत नाही.

मुळात ‘गार’ म्हणजे किती, याचा घोळ आहे. पुस्तकात लिहिलेलं असतं, लाल वाईन खोलीच्या तापमानाला प्यावी. ती खोली युरोपातल्या जुन्या दगडी घराची, १६ ते १८ अंशांची. नागपूरच्या खोलीत मे महिन्यात ३५ असतात. त्या तापमानाला लाल वाईन प्यायलात तर नाकात फक्त अल्कोहोल चढतं आणि जिभेवर टॅनिनचं खरखरीत पांघरूण बसतं. लाल बाटली सरळ फ्रीजमध्ये ठेवा आणि पिण्याआधी वीसेक मिनिटं बाहेर काढा. पांढरी आठ ते दहा अंशांवर, बुडबुड्यांची त्याहून गार. घाई असेल तर बादलीत बर्फ, पाणी आणि मूठभर मीठ घालून बाटली मानेपर्यंत बुडवा, पंधरावीस मिनिटांत काम होतं. नुसत्या बर्फात ठेवली तर जास्त वेळ लागतो, कारण बर्फाचे खडे काचेला नीट भिडत नाहीत. वीज गेली असेल किंवा फ्रीज नसेल तर कूलरवाल्या गावचा उपाय आहे: ओल्या फडक्यात गुंडाळून वाऱ्याच्या झोतात ठेवायची. विदर्भाच्या कोरड्या उन्हाळ्यात फडक्यातलं पाणी उडताना उष्णता ओढून नेतं आणि बाटली पंचविशीच्या आसपास उतरते. पांढरीला हे पुरत नाही, पण लाल वाईन निदान पिण्याजोगी होते.

आता ताट. नागपूरच्या आसपास वाईन सुचवायची म्हणजे सावजीशी गाठ. काळा मसाला, वर तर्री, भिवापूरच्या मिरचीचा जाळ. हलबा कोष्टी समाजाच्या घरांतून आलेलं हे जेवण आता साऱ्या शहराची ओळख झालंय. मटणाला लाल वाईन, हा जगभरचा पाठ इथे साफ कोसळतो. त्याचं कारण जिभेच्या मज्जातंतूंत आहे. मिरचीतलं कॅप्सेसिन ज्या रिसेप्टरला जागं करतं, त्याचं खरं काम भाजण्याची उष्णता ओळखणं. एरवी तो ४२ अंशांच्या आसपास जागा होतो. अल्कोहोल मिसळलं की त्याची जाग येण्याची पातळी ३४ च्या आसपास उतरते. आपलं तोंड ३७ अंशांवर असतंच, म्हणजे मद्याच्या घोटाने तोंड स्वतःच्याच उष्णतेने भाजू लागतं. त्यावर मिरची. त्यात लाल वाईनचं टॅनिन लाळेतल्या प्रथिनांना बांधून टाकतं आणि तोंडाचं वंगणच काढून घेतं. साडेतेरा-चौदा टक्क्यांची ओकमध्ये ठेवलेली शिराझ आणि सावजी मटण एकत्र घेऊन पाहा. दोघांचीही चव जाते, उरते ती आग. बुडबुड्यांची वाईनही चालत नाही, कारण कार्बनडायऑक्साइड जिभेच्या दाह जाणणाऱ्या तंतूंना स्वतःहून टोचतो.

सावजीला हवं कमी अल्कोहोल, टॅनिन नाही, थोडी साखर, भरपूर आम्ल आणि थंडगारपणा. म्हणजे किंचित गोडसर शेनँ ब्लाँ. नाशिकच्या अनेक वायनरी ती बनवतात, सुलाची सहज मिळते. रिस्लिंग मिळाली तर तीही. पाटोडी रस्सा आणि शेनँ एकत्र घेताना नीट लक्ष दिलं तर क्रम कळतो: आधी बेसनाच्या पाटोडीचा खमंगपणा, मग तर्रीचा दणका. त्यावर गार घोट घेतला की साखर तिखटाची धार बोथट करते आणि आम्ल तेल धुऊन नेतं. दुसरा घास पहिल्याइतकाच चवदार लागतो. व्हिस्कीबरोबर हे होत नाही. अर्थात सावजीच्या ठिकाणी शेनँ मागितली तर वेटर आधी तुमच्याकडे आणि मग मालकाकडे पाहील, त्याला इलाज नाही.

बाकी ताटांना फार विचार करावा लागत नाही. सांबारवडी, भजी, आलूबोंडा अशा तळलेल्या आणि बेताच्या तिखट गोष्टींना बुडबुड्यांची वाईन छान जाते. दिंडोरीला बनणारी शाँदों ब्रूट किंवा सुलाची ब्रूट. सांबारवडीतल्या कोथिंबिरीचा हिरवा वास सॉव्हिन्याँ ब्लाँशी जुळतो. वांग्याचं भरीत, ज्वारीची भाकरी आणि झुणक्याला रोझे. लाल वाईन प्यायचीच असेल तर हिवाळ्यात, तर्री नसलेल्या सुक्या मटणाबरोबर किंवा निखाऱ्यावर भाजलेल्या कोंबडीबरोबर. माझं मत विचाराल तर अकलूजच्या फ्रातेल्लीची सांजोवेज, किंवा निफाडच्या रेव्हेलोची नेरो दाव्होला. ही दोन्ही मूळची इटलीची, उन्हातली द्राक्षं. आम्ल राखून असतात आणि शिराझइतकी अंगावर येत नाहीत. संत्रा बर्फीला मात्र काहीच सुचवणार नाही. गोड पदार्थाबरोबरची वाईन पदार्थापेक्षा गोड हवी, आणि बर्फीपुढे भलीभली लेट हार्वेस्ट शेनँही आंबट लागते. ती लेट हार्वेस्ट जेवणानंतर एकटीच, छोट्या ग्लासात.

वाईन म्हणजे गोडच, असं इथे अनेकांना वाटतं ते गोव्याहून येणाऱ्या पोर्टमुळे. ती पिणाऱ्याला थेट ओकमधली कॅबर्ने देऊ नका. तोंड वाकडं करून तो परत बिअरकडे जाईल. त्याला गोडसर शेनँ, मग रोझे, मग कोरडी सॉव्हिन्याँ, अशा पायऱ्यांनी न्यावं. वाईन सुचवणं यापलीकडे फारसं काही नाही. आधी काय खाणार हे विचारायचं, मग आजवर काय आवडलं हे, आणि मग घरी फ्रीज आहे का. वय २१ पूर्ण आहे का, हेही. महाराष्ट्रात वाईनसाठी तेवढी अट आहे आणि कायद्याने परवानाही लागतो. गाडी चालवत नागपूरला परतायचं असेल तर बाटली बंदच ठेवावी.

जानेवारी २०२२ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने मोठ्या किराणा दुकानांत आणि सुपरमार्केटमध्ये वाईन ठेवायला परवानगी देण्याचं ठरवलं होतं. अण्णा हजारेंसह अनेकांनी विरोध केला आणि निर्णय बारगळला. दारूच्या प्रसाराबद्दलची त्यांची काळजी मला समजते, वर्ध्याच्या हद्दीवर ती जास्तच समजते. पण वातानुकूलित सुपरमार्केटमध्ये वाईन निदान उकडली नसती, एवढं नोंदवतो.

उरला तो प्रश्न नागपूरकर हमखास विचारतो: संत्र्याची वाईन का नाही? नागपुरी संत्र्याला २०१४ पासून भौगोलिक मानांकन आहे, अमरावती रोडवर लिंबूवर्गीय फळांची केंद्रीय संशोधन संस्था आहे, काटोल-नरखेड-वरूड पट्ट्यात बागाच बागा आहेत. पालघर जिल्ह्यातल्या बोर्डीत हिल झिल वाइन्सने तिथल्या चिकूची वाईन करून दाखवली, मग संत्र्याची का नको? पहिली अडचण साखरेची. वाईनच्या द्राक्षरसात २२ ते २४ ब्रिक्स (म्हणजे साधारण तितके टक्के) साखर असते, संत्र्याच्या रसात दहाच्या आसपास. एका ब्रिक्समधून साधारण ०.५५ टक्के अल्कोहोल बनतं, म्हणजे द्राक्षाची वाईन १२-१३ टक्क्यांवर जाते तर संत्र्याची साडेपाचवर अडकते. इतक्या सौम्य वाईनला टिकायला जड जातं, म्हणून वरून साखर घालावी लागते. दुसरी अडचण जास्त वाईट, ती कडवटपणाची. सकाळी काढलेला संत्र्याचा रस रात्री कडू लागतो, हे विदर्भातल्या प्रत्येक घराला माहीत आहे. फळाच्या बियांत आणि पांढऱ्या पापुद्र्यात एक बेचव पदार्थ असतो. रस निघाला की आम्लाच्या संगतीत काही तासांत त्याचं लिमोनिन होतं. दहा लाख भागांत पाच-सहा भाग लिमोनिन असलं तरी जिभेला ते कळतं. ताज्या रसात साखर हा कडवटपणा झाकते. वाईन बनवताना यीस्ट नेमकी ती साखरच खाऊन टाकतं आणि कडू तेवढं उघडं पडतं.

म्हणून कोणी घरची किंवा प्रयोगाची संत्रा वाईन हातात दिली तर पहिल्या घोटावर मत देऊ नका. गिळल्यावर अर्धा मिनिट थांबा, कडवटपणा जिभेच्या मागच्या बाजूला सावकाश येतो. किती वेळ टिकतो ते पाहा. आणि बनवणाऱ्याला विचारा, रस काढण्याआधी बिया आणि पापुद्रे काढले होते का, की फळ अख्खंच चरकात घातलं.